सीपॅपचं प्रेशर वाढवल्यापासून आकडा सुधारला पण झोपेचं खोबरं झालंय, काय करू?

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागते.

मी ४९ वर्षांची. गेल्या वर्षी स्लीप स्टडी केली त्यात एएचआय ३४ आला, म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अर्धवट होतोय, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात. तोपर्यंत दोन वर्षं सगळे मेनोपॉज, थायरॉइड, टेन्शन असंच सांगत होते, घोरणं म्हणजे पुरुषांचं काम असा समज असतो ना, मलाही तेच वाटायचं, मी नवऱ्याला ढोसून कुशीवर वळवायचे आणि खरी गिरणी माझीच चालू असायची. असो.

सीपॅप चालू केलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, फिक्स ८ प्रेशर. पहिला महिना नुसती रडारड, मग जे जमलं ते इतकं की मशीनशिवाय दुपारची डुलकीसुद्धा नको वाटायची. आठ महिने मस्त गेले. मग हळूहळू सकाळी डोकं परत जड, मशीनवर एएचआय ९-१० दिसायला लागला. मधल्या काळात वजन ६ किलो वाढलंय, तो विषय सध्या नको. डॉक्टरांनी डेटा बघून मशीन ऑटोवर टाकलं, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर ते स्वतःच कमीजास्त करतं, किमान ८ कमाल १६. आज १९ दिवस झाले.

आता गंमत अशी की एएचआय २ ते ३ वर आलाय, डॉक्टर खूश, मशीन पण सकाळी स्क्रीनवर हसरा चेहरा दाखवतं, आणि मी मात्र रोज रात्री अडीच-तीनला उठून बसलेली. जाग येते तेव्हा प्रेशर १३ च्या आसपास असतं, धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावं तसा वारा. श्वास घ्यायला काही नाही, सोडायला जोर लावावा लागतो, फुगा फुगवतोय असं वाटतं. मास्कच्या कडेतून डोळ्यात हवा जाते आणि फर्रर्र असा जो आवाज येतो त्याबद्दल घरात बोलून झालंय. सकाळी पोट टम्म, ढेकरा, कानात दडे.

मग वैतागून मशीन बंद करून परत चालू करते, तर ते रॅम्पमुळे (कमी प्रेशरपासून हळूहळू चढवायची सोय) ४ पासून सुरू होतं आणि ४ वर हवाच पुरत नाही, गुदमरल्यासारखं होतं. म्हणजे एकीकडे वादळ आणि दुसरीकडे बंद खोली. गेल्या आठवड्यात तीनदा सकाळी मास्क उशीखाली सापडला, कधी काढला काहीच आठवत नाही.

मास्क नाकाचाच आहे, पहिल्यापासूनचा. पट्टे घट्ट केले तर नाकावर वळ उठले आणि हवा तरीही जातेच.

एका ओळखीच्यांनी दोन बटणं एकदम दाबून आतल्या सेटिंगमध्ये कसं जायचं ते दाखवलंय. कमाल १६ चं ११ करून टाकू का? की अजून कळ काढू? शरीराला सवय व्हायला किती दिवस द्यायचे असतात?

अर्धीरात्र: ताई, आधी एक सांगा, तो २ चा एएचआय किती तासांचा आहे? मशीन फक्त मास्क तोंडावर असतो तेवढ्याच वेळाचं मोजतं. तुम्ही अकराला झोपून तीनला मास्क काढला तर हसरा चेहरा चार तासांचा, पुढचे तीन तास कोण मोजणार? आणि स्वप्नं पडतात ती आरईएम झोप जास्त करून पहाटेकडेच असते, तेव्हा स्नायू एकदम सैल पडतात आणि ॲप्निया, म्हणजे हे झोपेत श्वास थांबणं, बऱ्याच जणांचा तेव्हाच जोरात असतो. म्हणजे परीक्षेतला सोपा पेपर देऊन अवघड पेपरला दांडी मारायची आणि टक्के सांगायचे असं झालंय. मी स्वतः सहा महिने हेच केलंय म्हणून बोलतोय, राग मानू नका.

दुसरं, लीकचा, म्हणजे मास्कमधून वाया जाणाऱ्या हवेचा, आकडा बघा. माझ्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलं की जास्त धरतात.

मूळ लेखिका: बापरे. आत्ता बघितलं. वापर सरासरी ४ तास १० मिनिटं. लीक ३८. हे कोणी सांगितलंच नाही, मी आपली एकच आकडा बघत होते. राग कसला.

कुंभकर्ण२: लीक ३८ म्हणजे तिथेच निम्मं उत्तर आहे. तुमचा मास्क ८ च्या प्रेशरवर, तोही बहुतेक बसून, मापाचा केलेला असणार. १३ वर मास्कची सिलिकॉनची उशी फुगते आणि आडवं झालं की गाल, जबडा सगळं सरकतं. मशीनमध्ये मास्क फिट तपासायचा पर्याय असतो, तो झोपेच्या प्रेशरवर हवा सोडतो. तो चालू करून आडवं पडा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा, पट्टे सगळे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत ठेवा म्हणजे उशी नीट फुगेल, आणि मग थोडं थोडं घट्ट करा. जास्त आवळलं तर उशी चेपते आणि उलट गळते. सिलिकॉन रोज पुसता का? चेहऱ्याचं तेल बसलं की घसरतं. आणि जुना मास्क असेल तर सिलिकॉन मऊ पडलेलं असतं, बदलाच.

सकाळी तोंड कोरडं पडतं का? पडत असेल तर तोंडावाटे पण हवा जातेय.

पोटाचं म्हणाल तर तुम्ही हवा गिळताय. डाव्या कुशीवर झोपून आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करून मला फरक पडला. श्वास सोडताना प्रेशर १ ते ३ ने उतरवणारं एक सेटिंग असतं, ते तुमच्याकडे बंद आहे का बघा, पण डॉक्टरांना विचारून, कारण ३ वर टाकलं की सोडताना तितकं प्रेशर कमी होतं आणि काहींचा घसा तेवढ्यात परत मिटतो.

श्वासाचीमैत्रीण: मी झोपेच्या तपासण्या करणारी टेक्निशियन आहे, तुमच्या डॉक्टरांच्या जागी नाही, पण कमाल ११ स्वतःहून करू नका हे कळकळीने सांगते. ऑटो मशीन उगाच १३ वर जात नाही, घोरण्याची कंपनं किंवा श्वासाचा प्रवाह चपटा होताना दिसला की पायरी पायरीने चढतं, उताणं झोपल्यावर आणि आरईएममध्ये जास्त. छत खाली आणलं तर वारा कमी लागेल पण घसा बंद पडेल. मात्र एवढं लीक असताना मशीनला तुमचा श्वास नीट मोजता येत नाही, त्यामुळे त्या १३ वरही पूर्ण विश्वास ठेवू नका. आधी लीक, मग प्रेशर, हा क्रम.

रॅम्पचं ४ तुम्ही स्वतः बदलू शकाल, ते आरामाच्या सेटिंगमध्ये असतं. मोठ्या माणसांना ४ कमीच पडतं, ६ किंवा ७ करून बघा, किंवा बंदच करा, तुमची सवय ८ ची आहे. आणि डॉक्टरांना सांगताना "झोप लागत नाही" एवढंच नको, तर किती वाजता जाग येते, तेव्हा प्रेशर किती, लीक किती आणि मास्क किती तास असं लिहून न्या. उरलेल्या २-३ मध्ये अडथळ्याचे किती आणि मेंदूकडून सिग्नलच न आल्यामुळे थांबलेले किती, तेही विचारा. प्रेशर वाढल्यावर काहींना हे दुसरे सुरू होतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतात, पण डॉक्टरांना माहीत असावेत.

मूळ लेखिका (१२ दिवसांनी): सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्कची उशी बदलली, आडवं पडून फिटिंग केलं (नवरा टॉर्च धरून उभा, ऑपरेशन चालल्यासारखा), लीक १४ वर आलं. कागद घेऊन गेले तर डॉक्टरांनी या वेळी वीस मिनिटं दिली. रेंज आता ९ ते १४, श्वास सोडताना २ ने उतरतं, रॅम्प ७ पासून. मेंदूवाले अगदी नगण्य निघाले. गंमत म्हणजे लीक थांबल्यापासून मशीन ११.५ च्या वर क्वचितच जातंय.

एएचआय ४ आहे, म्हणजे आधीपेक्षा जास्तच, पण साडेसहा तासांचा. मास्क उशीखाली एकदाच सापडला. तोंड कोरडं पडतं, हो, त्यावर हनुवटीचा पट्टा की पूर्ण चेहऱ्याचा मास्क हे ठरत नाहीये. पूर्ण मास्कमध्ये हवा गिळणं वाढतं की कमी होतं? पोट अजून आठवड्यातून दोन-तीनदा फुगतंच. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.