१९७१ चे माजी सैनिक वारले; पीपीओत (पेन्शन देण्याच्या आदेशात) आजींचं नाव नाही. फॅमिली पेन्शनसाठी काय करावं?

माणदेशी_पाटील
भावकीतले आबा गेल्या आठवड्यात वारले, वय ८४. मराठा लाइट इन्फंट्रीतून १९७९ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. ७१ च्या युद्धात जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते. गाव माण तालुक्यात, पण साताऱ्याच्या दवाखान्यात गेले, त्यामुळे ग्रामसेवक म्हणतात दाखला आमच्याकडे मिळणार नाही. आजी ८१ वर्षांच्या आहेत. पीपीओत त्यांचं नावच नाही, आणि डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तकात) माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. महिनाअखेरीला आबांची पेन्शन खात्यात येईल. ती दिवसकार्यासाठी काढावी का? आणखी एक. पोरांनी पार्थिवावर घालायला तिरंगा आणला होता, तो पोलीस पाटलांनी घालू दिला नाही. त्यावरून अजून धुसफूस चालू आहे.

रेकॉर्ड_क्लार्क_निवृत्त
ग्रामसेवक बरोबर सांगतायत. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, म्हणजे साताऱ्याच्या नगरपालिकेत. दवाखान्याने माहिती पाठवली का ते आधी विचारा. २१ दिवसांत नोंद झाली तर काही भरावं लागत नाही, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. त्यावरचं आबांचं नाव डिस्चार्ज बुकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते तिथल्या खिडकीवरच तपासा. नंतर दुरुस्तीला महिने जातात.

पेन्शन काढू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच रक्कम आबांची, पुढची परत जाते. एटीएम कार्ड वापरून काढली तरी वसुली आजींच्याच फॅमिली पेन्शनमधून होते. मृत्यू 'स्पर्श'वर (संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर) लगेच कळवा, आबांचा पासवर्ड नसला तरी चालतं. गावातल्या सीएससी केंद्रातही हे करून देतात. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागते, त्यामुळे मंजुरीला उशीर झाला तरी फरक मिळतो. आबांची राहिलेली थकबाकी वेगळी मागावी लागते.

आता खरी अडचण. त्या काळात निवृत्त झालेल्यांच्या पीपीओत बायकोचं नाव बहुतेक नसायचंच. नंतर जॉइंट नोटिफिकेशन, म्हणजे पीपीओत बायकोचं नाव घालून घ्यायची सोय आली, पण ती खेड्यापाड्यात पोचली नाही. त्यामुळे स्पर्शवर नुसता अर्ज टाकून भागणार नाही, बेळगावच्या मराठा रेकॉर्ड्समधून (रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातून) केस जावी लागेल. लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या कागदोपत्री लग्नाची नोंद करणारा आदेश) निघालेली असेल तर रेकॉर्ड्सकडे माहेरचं नाव नोंदलेलं असतं, आणि ते असणं ही चांगलीच गोष्ट आहे. मग फक्त दोन्ही नावांची बाई एकच, एवढं सिद्ध करायचं.

त्यासाठी आजींचं स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र करा. त्यात दोन्ही नावं, आबांचा आर्मी नंबर, हुद्दा, लग्नाची तारीख. सोबत सरपंचांचा दाखला, आधार, पॅन, पुनर्विवाह न केल्याचा दाखला, फोटो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओची प्रत, आणि फक्त आजींच्या नावावरचं बँक पासबुक. सगळं साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. परस्पर पाठवलेली केस एखाद्या सहीसाठी परत येते, हे नेहमीचं आहे.

सुभेदार_वाईकर
पैशाचं घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिली पेन्शन आली की पोरं बँकेवर धावतात. मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, फॅमिली पेन्शन ३० टक्के. म्हणजे आबांची मूळ पेन्शन २०,००० असेल तर आजींना १२,००० च्या आसपास, वर महागाई भत्ता. किमान ९,००० ठरलेली आहे. पन्नास टक्क्यांचा वाढीव दर आबांच्या वयामुळे लागू नाही, तो माणूस ६७ चा होईपर्यंतच.

आबांना ऐंशीनंतर २० टक्के जादा मिळत होते, ते त्यांच्याबरोबर थांबले. आजींना जादा मिळणार ते त्यांच्या स्वतःच्या वयावर: ८० ला २०, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला १०० टक्के. आजी ८१ च्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून २० टक्के लागू. पण नव्या पीपीओत जन्मतारीख नसेल तर यंत्रणेला वय कळतच नाही आणि जादा रक्कम लागत नाही. कित्येक विधवांचे पैसे याच एका रिकाम्या रकान्यात अडकलेत. पीपीओ हातात आला की आधी तो रकाना बघा.

आबांना अपंगत्वाची पेन्शन होती का? ती थांबते. पण त्याच दुखण्याने गेले असतील तर विशेष फॅमिली पेन्शनचा दावा होऊ शकतो, म्हणून दवाखान्याची फाइल फेकू नका.

ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) आजींचं सभासदत्व चालू राहतं, आबांचं कार्ड जमा करायचं. कँटीनचं कार्ड नवं. घरपट्टीची माफी विधवेलाही आहे, ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

कृष्णाकाठ
तिरंग्याबाबत पोलीस पाटलांचं चुकलं नाही. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच राष्ट्रध्वज पार्थिवावर घालता येतो. एरवी घातला तर १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यात तो अवमान धरला जातो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निवृत्त सैनिकाला तो इतमाम आपोआप मिळत नाही. मिळतो तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. पुष्पचक्र आणि माजी सैनिक संघटनेची मानवंदना यांना कुणाची आडकाठी नाही. पोरांचा जीव जळला हे समजतं, पण राग पाटलांवर काढू नये.

माणदेशी_पाटील
धन्यवाद मंडळी. डिस्चार्ज बुकावरचा आर्मी नंबर पुसट झालाय, शेवटचे दोन आकडे लागत नाहीत. आणि आजींचे अंगठे मशीनवर उठत नाहीत, रेशनला पण हाच त्रास. हयातीच्या दाखल्याचं काय करायचं?

रेकॉर्ड_क्लार्क_निवृत्त
नंबर पदकांवर बघा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं, भिंगातून उजेड तिरका पाडून वाचा. जमालपूर म्हणजे १ मराठा, जंगी पलटण. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला तो १ मराठावरच, आणि ११ ला जमालपूर पडलं. तेव्हा आबांकडे पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल असायला हवं. १९६५ मध्ये नोकरीत होते तर रक्षा मेडलही, आणि १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.

अंगठ्यांचं: जीवन प्रमाणला (हयातीच्या ऑनलाइन दाखल्याला) चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, आधारचं फेस आरडी ॲप लागतं. आजींना खिडकीसमोर बसवा, तोंडावर उजेड हवा, पदर कपाळावरून मागे. नवा पीपीओ नंबर आल्यावरच करा, आबांच्या नंबरावर करू नका. पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडा आणि वाटप करणारी संस्था 'स्पर्श, पीसीडीए पेन्शन्स' (संरक्षण खात्याचं पेन्शन कार्यालय). तिथे सवयीने बँकेचं नाव निवडलं तर प्रमाणपत्र निघतं, पण पोचत नाही, आणि पेन्शन थांबते. ऐंशी पूर्ण असल्याने आजींना दरवर्षी नोव्हेंबरची वाट बघायची नाही, १ ऑक्टोबरपासूनच देता येईल.