स्वयंमूल्यमापनाचा तक्ता पुरेसा नाही
सरकारी कार्यालयात मार्चअखेरीस भरावयाचे स्वयंमूल्यमापन हेच आत्मपरीक्षण, असे एक मत मांडले जाते; ते पटत नाही. तो तक्ता वरिष्ठांसाठी असतो आणि त्यात आपण साहजिकच जमेची बाजू मांडतो. जपानच्या टोयोटा कंपनीत ‘हान्सेई’ची, म्हणजे आत्मपरीक्षणाची, बैठक काम यशस्वी झाल्यावरही घेतली जाते. आपल्याला एवढा बडेजाव नको. त्रुटीचा शेरा मारून परत आलेली नस्ती (फाइल) पुन्हा पाठवण्यापूर्वी, कोणते सहपत्र (सोबत जोडायचा कागद) राहिले आणि ते घाईमुळे, अज्ञानामुळे की ‘पाहतील वरचे’ या वृत्तीमुळे राहिले, हे वहीत एका ओळीत लिहावे. पहिली दोन कारणे तपासणीसूचीने आटोक्यात येतात. तिसरे वारंवार दिसू लागले, तर प्रश्न कौशल्याचा नसून कामातला रस आटल्याचा असतो, आणि तेव्हा टेबल बदलून मागण्यातही (मिळेल तेव्हा मिळेल) काही गैर नाही.