परदेशातलं स्वयंसेवक प्रशिक्षण: रोजची कामं आणि रविवारची भटकंती

रानवाट
स्वयंसेवक म्हणून रुजू होण्याआधीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण परदेशातल्या एका खेड्यात आहे. मुक्काम यजमान कुटुंबात, सोमवार ते शनिवार वर्ग, रविवार मोकळा. घरात नळ नाही. पाणी, धुणं वगैरे वर्ग सांभाळून कसं बसवायचं? आणि रविवारी जवळच्या शहरात जायचं तर काय बघून निघायचं?

खळाळ
पिण्याचं पाणी रात्रीच करून ठेवा, सकाळी चूल तुमच्यासाठी मोकळी नसते. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. बरेच जण उकळतात नीट, पण गार करायला पातेलं उघडं ठेवतात आणि त्यात कुणाचाही पेला बुडतो. झालं, सगळी मेहनत पाण्यात. अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या भांड्यात ओतून ठेवा.

इंधन कमी असेल तर सुगंध न घातलेलं साधं ब्लीच (५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट): लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. शेवटी क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घालून पंधरा मिनिटं थांबा. जुन्या बाटलीतल्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो.

धुणं रविवारवर ढकलू नका. रोज अंघोळीच्या वेळी दोन कपडे खळबळून टाका. जीन्स नेऊच नका, पिळताना मनगटं जातात आणि दमट हवेत ती वाळता वाळत नाही.

आडवाटेचा
धुण्याबद्दल एक भर. आफ्रिकेच्या उष्ण भागात टुंबू नावाची माशी दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते, आणि त्यातल्या अळ्या कातडीत शिरतात. म्हणून तिथे आतल्या कपड्यांनासुद्धा कडक इस्त्री, दोन्ही बाजूंनी. शिवणी आणि कमरेची पट्टी हमखास सुटते, नेमकी तिथेच अंडी राहतात.

आता रविवार. आधी परतीची शेवटची गाडी विचारा, तीही *रविवारची*. सामायिक गाड्या बऱ्याच ठिकाणी घड्याळावर नाही, भरल्यावर सुटतात. संध्याकाळी प्रवासी कमी झाले की 'शेवटची' गाडी सुटतच नाही. तेव्हा तिच्या आधीची धरायची. सुट्टे पैसे वरच्या खिशात, बाकीचे वेगळीकडे. मूळ पासपोर्ट जवळ लागतो की प्रत चालते, हे प्रशिक्षकांना विचारा, देशागणिक नियम वेगळा. बाहेर मुक्काम करायला आणि दुचाकीवर बसायला बऱ्याच संस्थांची परवानगी नसते. नियम आधी वाचा. आणि जेवायला नसाल तर घरी आदल्या रात्रीच सांगा. ताट झाकून वाट बघत बसणं कुणालाच बरं वाटत नाही.

निरगुडी
वरच्या दोघांशी सहमत, पण औषधं राहिली. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर खाऊन, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नका; गोळी अन्ननलिकेत अडकली तर भयंकर जळजळ होते. तिच्यामुळे कातडी उन्हाला लवकर भाजते, म्हणून भटकंतीला पूर्ण बाह्या आणि टोपी. तिच्याऐवजी मेफ्लोक्विन दिली असेल तर ती आठवड्यातून एकदा असते. तिचा वार रविवार ठेवू नका, दिनक्रम मोडतो तेव्हाच गोळी विसरते. मलेरियाचा भाग सोडल्यावरही यातली जी गोळी असेल ती चार आठवडे चालू ठेवायची.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच दवाखाना. आधी लस झाली असली तरी पुढचे डोस लागतातच.

रानवाट
आभार! थेंब मोजायला काय वापरायचं?

खळाळ
औषधाच्या दुकानातला कोरा ड्रॉपर. त्यावर 'ब्लीच' लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो डोळ्यांच्या औषधाला घेईल.