जोननंतरची बावीस वर्षं कुठे गेली?

इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाबद्दल वर एकाने लिहिलंय की क्रेसी, आजिंकूरच्या लढायांत इंग्लिश तिरंदाजांनी फ्रेंचांना धुतलं, मग फ्रेंचांची लढवय्यी तरुणी जोन ऑफ आर्क आली आणि फ्रेंच जिंकले. ढोबळमानाने ठीक, पण जोनला १४३१ ला रुआँमध्ये जाळलं आणि युद्ध संपलं १४५३ ला, त्याचं काय?

जोनने ऑर्लेआँ शहराचा इंग्लिश वेढा उठवला, त्याने फ्रेंचांना उभारी मिळाली हे मान्यच, पण माझ्या मते खरा दणका १४३५ चा, आरासच्या तहात बर्गंडीच्या ड्यूकने (फ्रान्समधलाच बडा सरदार) इंग्लंडची साथ सोडली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस इंग्लिशांच्या हातचं गेलं. नंतर फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सने कायमचं पगारी घोडदळ उभं केलं, तोफखाना ब्यूरो बंधूंकडे सोपवला आणि उत्तरेतला अख्खा नॉर्मंडी प्रांत जेमतेम वर्षभरात परत घेतला.

शेवट तर भारीच आहे. १४५३ च्या शेवटच्या लढाईत, कास्तियोंला, ब्यूरोने खंदक खणून तोफा मांडून ठेवलेल्या, आणि साठी उलटलेला टॅलबट, इंग्लिशांचा सगळ्यात नावाजलेला सेनापती, त्याला कोणीतरी सांगितलं की फ्रेंच पळतायत, लांबून धुरळा दिसतोय (तो म्हणे छावणीतल्या घोड्यांचा वगैरे होता), झालं, हा गडी मागचं सैन्य येईपर्यंत न थांबता थेट तोफांच्या तोंडी गेला. घोडा गोळ्याने कोसळला, टॅलबट तिथेच मारला गेला. आजिंकूरला फ्रेंच सरदारांनी जी घाई केली तीच इथे इंग्लिशांनी केली.

आणि हो, फ्रान्समधलं सगळं गेलं तरी कॅले बंदर मात्र १५५८ पर्यंत इंग्लंडकडेच होतं.