मदत हवी आहे: कुत्र्याची खाज थांबत नाही, घरचे कोणते उपाय करावेत?

नमस्कार. आमचं घर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. बुध्या आमचा गावठी कुत्रा, चार वर्षांचा, वजन १८ किलो. बुधवारी केळीच्या बांधावर सापडला म्हणून बुध्या. श्रावण लागल्यापासून तो खाजवतोय. पोळा झाला, गणपती बसले, तरी खाज कमी नाही.

रात्री तो ओट्यावर झोपतो. मागच्या पायाने खाजवताना पाय फरशीवर आपटतो, धप् धप् धप्, तो आवाज आतल्या खोलीपर्यंत येतो. मग शेपटीच्या मुळाशी पुढच्या दातांनी भराभर कुरतडत बसतो. मी जाऊन पाठीवर हात ठेवला की गप्प पडून राहतो, हात काढला की पुन्हा सुरू. तीन आठवडे झाले, त्याला एक रात्र धड झोप नाही. बघवत नाही हो.

शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवरचे केस गेलेत, कातडी लाल झालीय, दोन जागी खपली धरलीय. पोटाखाली बारीक पुरळ आहे. पुढच्या पंजांच्या बोटांमधले पांढरे केस चाटून चाटून तांबूस झालेत. कान आतून लालसर आहेत, पण घाण वास नाही की पू नाही. खाणंपिणं नीट आहे. घरात आम्हा कोणाला खाज नाही.

तालुक्याच्या गावी दाखवून आणलं. इंजेक्शन दिलं, चार दिवस आराम पडला, पाचव्या दिवशी जैसे थे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दारात गुरांची रांग होती, कुत्र्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. तपासणी अशी झालीच नाही.

घरी काय काय केलं तेही सांगते. आजेसासूबाई म्हणाल्या, "निंबना पालाना पानीघाई आंघोय घाल त्याले." दोन वेळा घातली. त्या दिवसापुरता फरक वाटला. शेजारच्या काकूंनी ताक चोळायला सांगितलं, तर अंगाला मुंग्या लागल्या, बिचारा अजून हैराण झाला. माझ्या दिराने मला न विचारता ट्रॅक्टरचं जळकं ऑइल शेपटीपाशी लावलं. बुध्याने ते चाटलं आणि संध्याकाळी दोनदा उलटी केली. मी त्याच वेळी भांड्यांच्या साबणाने धुवून काढलं, पण फार घाबरले होते. इकडे गावागावात हा उपाय सर्रास करतात, कृपया कोणी करू नका. कपाशीवरचं औषध पाण्यात घालून फवार, असंही एकाने सांगितलं. ते मी होऊ देणार नाही.

जेवणात ज्वारीची भाकरी, दूध, कधी उरलेलं वरण, रविवारी कोंबडीचं. दिवसभर तो शेतात आमच्या मागे असतो, आणि यंदा पावसाने बांधावर गाजर गवत कमरेएवढं झालंय. त्याचंच असेल का? निंदणीला गेलेल्या बायांच्या हातांना त्या गवताने खाज सुटते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खाज नेमकी कशाची हे घरी कसं ओळखायचं, आणि डॉक्टर नीट भेटेपर्यंत त्याला आराम पडेल असं काय करू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद

ताई, शेपटीचं मूळ आणि मागच्या मांड्या म्हटल्यावर आधी पिसवा बघा. आमच्या धुळ्याच्या घरी हेच झालं होतं. पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. बारीक दातांच्या फणीने, उवांची असते तीच, शेपटीपाशी विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. माती असेल तर तशीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण त्यात पचलेलं रक्त असतं. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच अॅलर्जी असते, एकदोन चावे बसले तरी अंग पेटतं.

पिसवा निघाल्या तर फक्त कुत्र्याला धुवून भागत नाही. अंडी अंगावरून खाली गळतात, आणि कोष फटीत, गोणपाटात आठवडे न् महिने टिकतात. तो झोपतो ते गोणपाट उकळत्या पाण्यात टाका किंवा जाळूनच टाका, ओट्याच्या फटी झाडून काढा. गुरांचा गोठा जवळ असेल तर तोही. लसूण खाऊ घाला म्हणजे पिसवा पळतात असं कोणी सांगेल, ऐकू नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलंय, त्यावरून सांगतो. कानाच्या कडा आणि कोपरांवर खवले धरून भयंकर खाज असेल आणि घरच्या माणसांनाही पुरळ उठत असेल तर ती खरूज, ती माणसाला लागते. तुमच्या वर्णनात तसं नाही. पंजे चाटणं आणि पोटाखालचं पुरळ मात्र नुसत्या पिसवांमुळे असेल असं वाटत नाही. परागकण, धूळ, गवत यांची अॅलर्जी असली की पंजे, काखा, पोट, कान हीच ठिकाणं धरते. गाजर गवताची शंका रास्त आहे. शेतातून आला की चारही पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बोटांमधून कोरडं पुसा. ओल राहिली की बुरशी धरते, आंबलेल्या पिठासारखा वास येतो.

निंबाच्या पाल्याचं पाणी चालेल, पण पूर्ण गार करून, आणि उघड्या जखमेवर नको. निंबोळी तेल नुसतं लावू नका, कातडी भाजते आणि चाटलं तर त्रास होतो. ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करा, गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात कालवा, १० मिनिटं अंगावर ठेवा आणि धुवा. खाज उतरवायला घरच्या उपायांत मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो. गरम पाण्याने खाज वाढते. आपला साबण नको, कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते, ती कोरडी पडते. आपल्या घरातल्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

इंजेक्शन बहुतेक स्टेरॉइडचं असावं. त्याने खाज दबते, कारण जात नाही, म्हणून पाचव्या दिवशी परत आली. पुढच्या वेळी डॉक्टरांना कातडी खरवडून बघायला सांगा आणि पिसवा-गोचिडांची गोळी वजनावर मागा. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने लावू नका.

प्रतिसाद

अन्नाचंही एकदा बघा. दूध, गहू, अंडी, कोंबडी यांची अॅलर्जी कुत्र्यांत होते. पण श्रावणातच सुरू झालंय म्हणजे ते नंतर. अन्न तपासायचं तर ८ आठवडे तरी एकच नवीन खाणं द्यावं लागतं, मधे एक बिस्किटही चालत नाही. खेड्यात हे कठीण, कारण कुत्रा चार घरी खातो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी ओट्यावर बसून विंचरलं. फणीतून मिरीच्या भुकटीसारखे कण निघाले. कापसावर टाकले आणि बघता बघता प्रत्येकाभोवती विटकरी रंग पसरला. आजेसासूबाईंनाही दाखवलं. पिसवाच आहेत.

त्याचं गोणपाट जाळलं, ओटा दोनदा धुतला, आज दीर स्वतःहून गोठ्यातला उकिरडा उपसतोय. ओट्सच्या पाण्यानंतर काल रात्री बुध्या दोन वाजेपर्यंत शांत झोपला. सोमवारी गोळीसाठी आणि कातडी तपासायला परत नेते, या वेळी वेळ घेऊनच जाईन.

आता एकच विचारायचंय. पंजे धुवून पुसले तरी तो लगेच चाटायला बसतो. गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला तर पाणीसुद्धा पीत नाही, भिंतीला धडकत फिरतो. जुने सुती मोजे घालून बघितले कोणी? रात्रभर ठेवले तर आत घाम धरून अजून बिघडेल का?