आयव्हर्सनला 'स्वार्थी' ठरवून मोकळं होणं पुरे आता

काठावरचा:
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या ॲलन आयव्हर्सनचं नाव काढलं की कोणीतरी ४२.५ टक्के हा आकडा तोंडावर फेकतोच. कारकिर्दीभरात त्याचे तेवढेच शॉट बास्केटमध्ये गेले, म्हणजे नेम सुमारच. पण २०००-०१ चा त्याचा फिलाडेल्फियाचा संघ आठवा. त्याच्याखेरीज सामन्याला सरासरी १५ गुण करणारा एकही जण नव्हता. एरिक स्नोला लांबून मारता येत नव्हतं, मुटोम्बोचं काम रिंगखाली. शॉट घ्यायची ठरलेली वेळ संपत आली की चेंडू परत याच्याचकडे, आणि समोर दोघे-तिघे अडवायला. जेमतेम सहा फुटी माणसाने अशा अवस्थेत मारलेला अवघड शॉट हाच त्या संघाचा सर्वांत चांगला शॉट होता. मग टक्केवारी घसरणारच! तरी ३१.१ ची सरासरी, ५६ विजय आणि फायनल. स्वार्थी म्हणे.

आकडेमोड्या:
'एकट्याने गाडा ओढला' ही तुमच्यासारख्या चाहत्यांची आवडती दंतकथा. त्याच हंगामात सर्वोत्तम बचावपटू मुटोम्बो, सर्वोत्तम राखीव खेळाडू ॲरन मॅकी आणि सर्वोत्तम प्रशिक्षक लॅरी ब्राउन. तिन्ही पुरस्कार फिलाडेल्फियाला! बाकीचे बचावात राबत होते म्हणून तर याला वाटेल तेवढे शॉट मारायची मुभा होती. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाविरुद्ध फायनल मालिकेच्या पहिल्या सामन्यातले ४८ गुण सगळ्यांना पाठ, त्यासाठी लागलेले ४१ शॉट मात्र कोणाच्याच लक्षात नसतात.

काठावरचा:
ते ४१ शॉट वाया गेले का? लेकर्स तोवर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, ११-० होते, एकही हार नाही. अख्ख्या प्लेऑफमध्ये ते हरले तो एकच सामना, तोच. शॉट मारून खाली पडलेल्या लेकर्सच्या तायरॉन लूला आयव्हर्सन ओलांडून गेला तो प्रसंगही त्यातलाच.

आकडेमोड्या:
आणि फायनलचे पुढचे चार? ते हरलेच ना. असो. माझा खरा मुद्दा तो पुढे खेळला त्या डेन्व्हरचा. तिथे सोबतीला कार्मेलो अँथनीसारखा गुण करणारा होता, म्हणजे तुमची 'दुसरं कोणी नव्हतं' ही सबब संपली. २००८ मध्ये ५० सामने जिंकून पहिल्याच फेरीत लेकर्सकडून ४-०. नोव्हेंबरात त्याच्या बदल्यात डेट्रॉइटहून चॉन्सी बिलप्स आला आणि तोच डेन्व्हर कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीला पोचला. डेट्रॉइट? ५९ विजयांवरून ३९ वर. गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू, कसा असावा याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

जुना प्रेक्षक:
स्वच्छ कसला. डेट्रॉइटला गेला तेव्हा आयव्हर्सन ३३ वर्षांचा, प्रशिक्षक पहिल्याच हंगामातला, आणि त्याच हंगामात पाठही दुखावली. वेगावर जगणाऱ्या गार्डचा वेग गेला की काय उरतं? बिलप्स ताकदीवर आणि फ्री थ्रोवर खेळायचा, तसा खेळाडू उशिरा म्हातारा होतो.
बाकी, मे २००२ मध्ये सराव बुडवण्यावरून झालेली त्याची ती पत्रकार परिषद अजून हसण्यावारी नेतात याचा मला राग येतो. आधीच्या ऑक्टोबरात त्याच्या जिवलग मित्राचा खून झाला होता. मित्र गेल्याचं तो त्याच परिषदेत बोलला होता, पण लोकांनी त्याने पुन्हा पुन्हा उच्चारलेला 'प्रॅक्टिस' एवढा एकच शब्द कापून घेतला. शाळेत असताना एका मारामारीपायी तुरुंगात चार महिने काढले, पुढे पुराव्याअभावी शिक्षाच रद्द झाली. अशा पोराने जगावर भरवसा ठेवून पास द्यावा, ही अपेक्षा जरा जास्तच.

आकडेमोड्या:
दुःख खरं, पण सराव बुडवणं त्याआधीपासूनचं. ब्राउनशी खटके काय त्या एका वर्षात उडाले? आणि पुढे मेम्फिस संघात राखीव म्हणून बाकावरून यायची वेळ आली तर तीन सामन्यांत काडीमोड!

काठावरचा:
मेम्फिसबद्दल माझ्याकडे बचाव नाही, तिथे तो चुकलाच. पण तुम्हीच सांगा, त्या २००१ च्या संघात आयव्हर्सनऐवजी बिलप्स असता तर फायनल दिसली असती?

आकडेमोड्या:
फायनल कदाचित नाही. ४१ शॉटही नसते.