अपॉस्ट्रॉफीला मराठीत काय म्हणायचं?

रामबागेतली: इंदूरला सुट्टीत आमच्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवते. त्यासाठी एकपानी टिपण लिहितेय. अल्पविराम, पूर्णविराम झाले; अपॉस्ट्रॉफीपाशी अडले. मुलं तिला 'ऊपरवाला कॉमा' म्हणतात. बरा शब्द आहे का?

छावनीकर: अवग्रह! 'कोऽपि'मध्ये अ गेला, खूण राहिली. 'डोन्ट'मध्येही 'नॉट'चा ओ गेला, खूण राहिली. घरात शब्द असताना उसना कशाला?

बडोदेकर: मग 'रामाज बुक'मध्ये काय गेलं? तिथे ती मालकीची खूण आहे. अवग्रहानं कधी षष्ठी झालीय का, भाऊ?

छावनीकर: गेलंय ना! जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय 'ई-एस' होता, त्यातला ई गळला. फार तर लोपचिन्ह म्हणा.

रामबागेतली: मग मालकीचं 'इट्स' टिकलीशिवाय का? मुलं नेमकी तिथेच चुकतात.

छावनीकर: सतराव्या-अठराव्या शतकात तेही टिकली देऊन लिहीत. पुढे टिकली 'इट इज'साठी राखली गेली. मुलांना एवढंच सांगा: 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य जुळलं तर टिकली, नाहीतर नाही.

मूळ पुणेकर: ताई, आधी 'अल्पविराम' खोडा. तो हिंदी. मराठीत स्वल्पविराम: सु अधिक अल्प.

रामबागेतली: आमची आजीसुद्धा अल्पविरामच म्हणायची, आणि ती काही हिंदी बोलत नव्हती.

छावनीकर: तिच्या आजीच्या मोडीत स्वल्पही नव्हता नि अल्पही. शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. ही चिन्हं मराठीत रुळवली मेजर कँडीनं, म्हणजे गोऱ्या साहेबानं. शुद्ध काय नि अशुद्ध काय!

बडोदेकर: नावाचं काहीही करा, पण तो कुठे द्यायचा ते शिकवा. 'तो म्हणाला, की' लिहायची सवय असलेली आपली मुलं इंग्रजीतही 'ही सेड' झालं की कॉमा देऊन मग 'दॅट' लिहितात. तिथे तो चालत नाही. 'श्वास घ्याल तिथे कॉमा' असं आमचे मास्तर सांगत. त्या हिशोबानं दमेकऱ्याला पानभर कॉमे लागतील.

मूळ पुणेकर: 'कॉमे'?! मी म्हटलंच होतं की अशानं मराठी संपणार.

छावनीकर: 'की'च्या आधीचा स्वल्पविराम कुठे गेला, पुणेकर?